ज्यांना निसर्गात काम करायचंय, त्यांच्यासाठी

बारावीचे निकाल लागले की ओळखीपाळखीतून लोक मुलांना घेऊन भेटायला येतात. मुलगा किंवा मुलगी पक्ष्यांविषयी भरभरून बोलते, आणि आई मध्येच विचारते, "हे सगळं ठीक आहे हो, पण यात पुढे पोट भरतं का?" प्रश्न रास्त आहे. पर्यावरण शिक्षण आणि संवर्धनाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, शाळांमध्ये, गावांमध्ये, वनखात्याच्या माणसांबरोबर. पोट भरतं, पण कसं आणि कोणाचं, हे थोडं सविस्तर सांगावं लागतं.

1. आवडीच्या आधी एक जागा हवी.

"मला वन्यजीवांची प्रचंड आवड आहे" हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असतं. त्यावरून काहीच कळत नाही. त्यापेक्षा कोणी सांगितलं की आमच्या गावामागच्या माळावर मी दोन वर्षं दर आठवड्याला जातेय, टिटवीची अंडी कुठल्या महिन्यात दिसतात, चातक कधी ऐकू येतो, मेंढपाळ कधी उतरतात आणि कधी जातात हे माझ्या वहीत आहे, तर मी खुर्ची ओढून बसते. नदीचा एक किलोमीटरचा काठ चालेल, देवराई चालेल, कॉलेजचं आवारसुद्धा चालेल. नोंदी ई-बर्ड किंवा आय-नॅचरलिस्ट या संकेतस्थळांवर टाकत राहिलात तर त्या तपासल्या जातात आणि जाणकारांशी ओळखही होते. फेब्रुवारीत होणाऱ्या पक्षीगणनेपासून सुरुवात करायला कोणाची परवानगी लागत नाही. जंगलात सफारीला जाऊन आलेल्यांची कमतरता नाही. एकच ठिकाण सगळ्या ऋतूंत पाहिलेली माणसं शोधावी लागतात, आणि संस्था त्यांनाच शोधत असतात.

2. या कामात दिवसाचा बहुतेक वेळ माणसांशी बोलण्यात जातो.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबट्या उसात राहतो. आडसाली ऊस 16 ते 18 महिने उभा असतो. तिथे सावली आहे, पाणी आहे, खायला कुत्री-डुकरं आहेत, आणि मादी पिल्लंही तिथेच घालते. तोडणी सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. अशा वेळी पिल्लांची तपासणी करून, संध्याकाळी ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि माणसं लांब जातात. अंधार पडल्यावर मादी येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यासाठी तोडणी थांबवावी लागते, आणि ऊसतोड टोळीची मजुरी टनावर असते. म्हणजे मुकादमाला पटलं पाहिजे, शेतमालकाला पटलं पाहिजे, आणि कोपीत लेकरं झोपवून पहाटे फडात उतरणाऱ्या बाईला तर सगळ्यात आधी पटलं पाहिजे. बिबट्याच्या जीवशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या मुलाला हे बोलणं जमेलच असं नाही. ते वेगळं शिकावं लागतं.

त्या भागातल्या एका शाळेत मी मुलांना सांगत होते की अंधारात एकटं जाऊ नका, शेळ्या बंदिस्त गोठ्यात ठेवा, बाहेर पडताना मोबाइलवर गाणी लावा. सातवीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "लाइट रात्रीची असते, मॅडम. पप्पांना मोटर चालू करायला जावंच लागतं." शेतीपंपांची वीज कुठल्या पाळीत येते हा बिबट्याच्या प्रश्नाचाच भाग आहे, हे तिला माझ्या कुठल्याही तक्त्यापेक्षा नेमकं ठाऊक होतं. त्यानंतर आमच्या सत्रात दिवसाच्या विजेची मागणी कोणाकडे आणि कशी करायची हेही आलं. वनखात्याचा 1926 हा हेल्पलाइन क्रमांक आला, जनावर गेल्यावर पंचनामा आणि भरपाईची पद्धत आली.

याच पट्ट्यात माणसंही गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. अशा घरी जाऊन सहजीवनाचं व्याख्यान देता येत नाही आणि देऊही नये. आधी ऐकून घ्यावं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने दाखवून दिलं की बिबटे पकडून दुसरीकडे सोडले तर जिथे सोडले तिथे हल्ले वाढतात. हे शास्त्र शंभर टक्के सांगायला हवं, पण कधी, कोणासमोर आणि कोणत्या शब्दांत, हे ठरवण्याचंच नाव पर्यावरण शिक्षण.

3. शिकायच्या जागा बऱ्याच आहेत, पण त्या एकसारख्या नाहीत.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी 1883 पासून मुंबईत आहे. तिचे पक्षी, कीटक, वनस्पती यांवरचे अभ्यासक्रम नोकरी-कॉलेज सांभाळून करता येतात, आणि गोरेगावचं तिचं संवर्धन शिक्षण केंद्र शाळकरी मुलांबरोबर काम कसं करतात हे बघायला उत्तम जागा आहे. पुण्यात प्रकाश गोळे यांनी 1982 मध्ये सुरू केलेली इकॉलॉजिकल सोसायटी आहे. तिच्या पदविकेला अभियंते, वास्तुविशारद, शेतकरी, गृहिणी असे सगळे एका वर्गात बसतात. माझ्या मते वय तिशी-पस्तिशीकडे झुकलेल्या आणि क्षेत्र बदलू पाहणाऱ्या माणसाला याच्याइतकी चांगली वाट नाही. पुण्यातच भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण आणि संशोधन संस्था 1993 पासून आहे. ती उभी करणाऱ्या डॉ. एराच भरुचांनीच विद्यापीठ अनुदान आयोगासाठी पदवीच्या मुलांचं पर्यावरण अभ्यासाचं पाठ्यपुस्तक लिहिलं. शालेय कार्यक्रम आखायला शिकायचं तर अहमदाबादचं पर्यावरण शिक्षण केंद्र, म्हणजे सीईई. ते 1984 चं. वनशास्त्राची पदवी दापोलीला आणि अकोल्याला मिळते. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेचा वन्यजीव अभ्यासक्रम या संशोधनाच्या वाटा आहेत. तिथे जागा अगदी मोजक्या, आणि स्पर्धा देशभरातून.

हाती पदवी असेल, तर आणखी एखादी पदविका जोडण्याआधी वर्षभर कुठेतरी प्रत्यक्ष काम करा. काय शिकायचं बाकी आहे ते तिथेच कळतं.

4. कॉलेजांतला अनिवार्य विषय ही वाया जाणारी संधी आहे.

वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये आदेश दिला, आणि त्यातून पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत अनिवार्य झाला. देशातल्या प्रत्येक पदवीधराने तो शिकावा, याहून मोठी संधी कुठल्या विषयाला मिळाली? पण मी पाहिलेल्या अनेक कॉलेजांत तो ज्याचा तास रिकामा त्याच्या गळ्यात पडतो, आणि प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो. हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं. जो प्राध्यापक मुलांना कॉलेजमागच्या नाल्यापर्यंत चालत नेतो आणि त्यातलं पाणी कुठून येतं, कुठे जातं एवढंच शोधायला लावतो, त्याच्या वर्गातून पुढे या क्षेत्रात आलेली मुलं मला भेटली आहेत. शिक्षक होणार असाल तर हा विषय मागून घ्या.

5. खाकी कपड्यांना कमी लेखू नका.

संस्थांच्या नोकऱ्यांमागे धावताना मुलं वनखातं विसरतात. बारावी झालेल्याला वनरक्षक होता येतं. 2023 च्या भरतीत राज्यात वनरक्षकांच्या 2138 जागा होत्या. लेखी परीक्षेबरोबर धावण्याची चाचणी असते, पुरुषांना 5 किलोमीटर, महिलांना 3. वनरक्षकाकडे एक बीट असतं, आणि ते त्याला पायी फिरून राखायचं असतं. वर्षानुवर्षं एकच जंगल पायाखाली घालायला पगार देणारी दुसरी नोकरी मला तरी माहीत नाही. पदवीधरांना राज्य लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षेतून वनपरिक्षेत्र अधिकारी होता येतं. त्यावर भारतीय वनसेवा, केंद्रीय आयोगाची, पण तिला विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी अशा ठरावीक शाखांचीच पदवी चालते. दहावीनंतर शाखा निवडतानाच हे ठाऊक असलेलं बरं.

आणि मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, हे विसरू नका. मराठी वाचकाला जंगल दाखवणारी ती सगळी पुस्तकं नोकरीच्या पायपिटीतून आली.

6. गावातला माणूस गावात राहून हे काम करू शकतो.

मंडणगड तालुक्यातलं वेळास. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने 2002 मध्ये कासवांचं काम हाती घेतलं, 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. हिवाळ्यात पहाटे कासवमित्र किनाऱ्याने चालत निघतो. वाळूत चढून परत समुद्राकडे वळलेला माग दिसला की थांबतो, घरटं हुडकतो, हाताने वाळू उपसून शंभरेक अंडी एकेक करून काढतो आणि जाळी लावलेल्या कुंपणात तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतो. वर पाटी, तारीख आणि अंड्यांची संख्या. साधारण पन्नास दिवसांनी त्या खड्ड्यावरची टोपली उचलली की खाली वाळू हलत असते. पाहायला आलेली शहरी मुलं दोरीच्या अलीकडे बसलेली असतात, आणि पिल्लांना हात का लावायचा नाही, ती स्वतःच पाण्यापर्यंत का चालली पाहिजेत, हे कासवमित्र त्यांना आपल्या बोलीत सांगतो. त्याच्याकडे कसलीही पदवी नसते. त्याच्याइतका तयारीचा पर्यावरण शिक्षक मी क्वचितच पाहिला आहे.

पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, मोदक खातात, पैसे त्या घरांत राहतात. ज्या गावात पूर्वी अंडी खणून नेली जात, तिथे आता घरट्याची राखण होते. ताडोब्याचे मार्गदर्शक आणि जिप्सीचालक, ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो दाखवणाऱ्या बोटी, इंदापूर-बारामतीकडच्या गवताळ माळावर चिंकारा आणि लांडगा दाखवणारी तिथलीच तरुण मुलं, हे सगळे रोजगार आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पुण्या-मुंबईला जावं लागलेलं नाही.

7. काम शिकवण्याच्या नावाखाली तुमच्याकडूनच पैसे घेणाऱ्यांपासून सावध.

अभ्यासक्रमाची फी समजू शकते, शिबिराचा जेवण-राहण्याचा खर्चही. पण महिनोन्महिने राबवून घ्यायचं, वर पैसे घ्यायचे आणि शेवटी रंगीत प्रमाणपत्र द्यायचं, असं करणारे आहेत. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे असे बरेच पैसे आणि अख्खी सुट्टी गेली. जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: माझ्या हाताखालून कोणतं काम जाईल, मला कोण शिकवणार, आणि गोळा केलेल्या माहितीवर माझं नाव येईल का. याआधी तिथे जाऊन आलेल्या दोघांशी बोला.

8. पैशांचं स्पष्ट बोला.

सरकारी संशोधन प्रकल्पात कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती 2023 पासून महिना 37000 रुपये आहे. तिला बहुतेक ठिकाणी नेट परीक्षेसारखी पात्रता लागते. संस्थांमध्ये सुरुवात याहून बरीच कमी असते, आणि नेमणूक प्रकल्प असेपर्यंतच. हे घरी आधीच सांगून ठेवा. मी पाहिलेली टिकून राहिलेली माणसं या कामाला दुसरं एक कौशल्य जोडून आहेत: कोणी नकाशे करतं, कोणी हिशेब आणि अनुदानाचे प्रस्ताव लिहितं, कोणी चित्रं काढतं. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करणं, शिकलेल्याला मी रिकामं बसलेलं पाहिलं नाही.

9. मराठीत नीट लिहिता येणाऱ्यांची मोठी वाण आहे.

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी होते. तिची नोटीस 30 दिवस आधी द्यायची असते आणि पर्यावरणीय आघाताच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करायचा असतो. ते मराठी सारांश एकदा वाचून पाहा. ज्याची जमीन जाणार त्याला त्यातून काही उमगत नाही. तीच गोष्ट लोकजैवविविधता नोंदवह्यांची, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीच्या नोंदींची. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी 2020 ची मुदत घातली आणि घाईघाईत ढिगाने वह्या भरल्या गेल्या. कित्येक वह्यांत शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी आहे. गावच्या म्हाताऱ्या माणसांना, गुराख्यांना, कोळ्यांना बसवून त्या पुन्हा लिहून काढणं हे एका पिढीला पुरेल एवढं काम आहे. गावातल्याच शिकलेल्या मुलांनी ते हाती घेतलं, तर त्या वहीला आणि त्या समितीला जीव येईल.

10. सगळीकडे झाडं लावणं म्हणजे संवर्धन नव्हे, हे सांगायची तयारी ठेवा.

2013 च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्यातून पर्यावरणाच्या नोकऱ्या निर्माण झाल्या, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यातला बराच पैसा वृक्षारोपणावर जातो, आणि माळरान दिसलं की खड्डे खणले जातात. लांडगा, चिंकारा, धाविक, माळढोक यांना उघडं गवत लागतं. मेंढपाळालाही तेच लागतं. नोकरी देणाऱ्याला "इथे झाडं लावू नका, तेच पैसे कुरण राखायला वापरा" असं पुराव्यानिशी सांगणारा माणूस त्या टेबलावर हवा. तो तुम्ही झालात तर मला आनंद होईल.

11. अर्ज लिहिताना.

एक पान पुरे. तुमची जागा कुठली, तिथे काय पाहिलंत, कोणाशी बोललात, त्यातून कोणता प्रश्न पडला, हे लिहा. वहीच्या दोन पानांचा फोटो जोडा, मराठीत असली तरी चालेल. महिनाभरात उत्तर आलं नाही तर फोन करा. या क्षेत्रातली माणसं बराच वेळ रेंजबाहेर असतात.