शिकवणी सुरू करण्याआधी

मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेज सांभाळून गणित, फिजिक्स आणि वक्तृत्वाच्या शिकवण्या घेते. मेसचे आणि खोलीभाड्याचे पैसे त्यातून सुटतात. हे करू बघणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पालक काय सांगतात त्यावर विसंबून शिकवायला बसू नका. आधी विद्यार्थ्याला बोलतं करा.

बारावीच्या एका मुलाच्या आईनं सांगितलं होतं, "रोटेशनल डायनॅमिक्स तेवढं कच्चं आहे, बाकी सगळं येतं त्याला." वही पाहिली. क्लासमधली गणितं सुबक अक्षरात, एकही खाडाखोड नाही. अशी वही दिसली की मी सावध होते. त्याला उतारावरच्या ठोकळ्याचं साधं गणित घातलं, फक्त उताराचा कोन आडव्याऐवजी उभ्या रेषेपासून दिला. त्यानं सवयीनं एमजी साइन थीटा लिहून टाकलं. मी विचारलं, "थीटा 90 अंश केला तर उतार कसा दिसेल?" बराच वेळ आकृतीकडे बघून तो म्हणाला, "ताई, सपाट होईल. मग ठोकळा घसरणारच नाही. पण माझ्या उत्तरात तर पूर्ण वजन येतंय!" दुखणं रोटेशनलचं नव्हतंच, अकरावीतले सदिश कच्चे राहिले होते. सीईटीत अकरावीला साधारण 20 टक्केच वजन म्हणून मुलं ते वर्ष ऑप्शनला टाकतात, आणि बारावीचं फिजिक्स तर त्याच्याच जिवावर उभं असतं.

वक्तृत्वातही तेच. "भाषण तुम्हीच लिहून द्या, ती पाठ करेल," असं हमखास म्हणतात. नम्रपणे नकार द्या. पाठांतरात एक शब्द अडला की पुढचं सगळं अडतं, आणि स्टेजवर रडवेलं झालेलं पोर मग वर्षभर माइककडे फिरकत नाही. तिला तिच्या भाषेत बोलू द्या, त्यातूनच दोन-तीन मुद्दे निवडा. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं करून घ्या, मधलं रोज नव्या शब्दांत बोलायला लावा. एखादं बक्षीस हुकलं तरी चालेल.

आता पैशांचं. एका घरी शेवटच्या महिन्यांची फी "निकाल लागू दे, मग बघू" म्हणून राहिली ती राहिलीच. मुलाला मार्क उत्तम पडले होते. मोठ्या माणसांशी पैशांचं बोलायला संकोच वाटतो, तरी बोला: फी महिन्याच्या सुरुवातीला, तास किती, बुडालेला तास कधी भरून काढायचा. ठरलेलं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. मुलींनी नव्या घरचा पत्ता मैत्रिणीला कळवूनच जावं, आणि घरात विद्यार्थ्याची आई किंवा आजी असेल अशीच वेळ घ्यावी.

सीईटी एप्रिल-मेच्या सुमारास येते, आपली सबमिशन आणि ओरल्सही तेव्हाच. जानेवारीतच पालकांना त्या आठवड्यांची कल्पना द्या. मार्चनंतर नवा विद्यार्थी घेऊ नका, फी दुप्पट देत असले तरी.