डॉल्फिनची साक्ष

समुद्रातील प्राण्याचा विषय निघाला की आपण प्रथम विचारतो, तो हलाल की हराम? शाफई आणि हनफी फिक्हमध्ये या प्रश्नाची सविस्तर चर्चा आहे. डॉल्फिनची शिकार मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच निषिद्ध आहे. तेव्हा आपण वेगळा प्रश्न विचारू या: या प्राण्याशी आपले वर्तन हलाल आहे काय?

कोकण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी, पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन राहतो. जागतिक लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. तो मासा नव्हे. फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. कीटकनाशके व कारखान्यांची काही रसायने सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, त्यांच्यातून मोठ्या माशांत आणि शेवटी डॉल्फिनच्या चरबीत साठतात. आईच्या दुधावाटे ती पिलातही उतरतात. म्हणून त्याचे आजारपण हे समुद्राच्या आजाराचे चिन्ह होय. त्याच समुद्रातील मासे आपल्या ताटातही येतात.

कुरआनने सूरह अर-रूममध्ये (३०:४१) जमिनीवर व समुद्रात माजलेला बिघाड माणसांच्याच कृत्यांचे फळ ठरवला आहे. माणसाने परत फिरावे, हा त्या इशाऱ्याचा हेतू. सूरह अल-अनआममध्ये (६:३८) इतर प्राणीही आपल्यासारखेच समुदाय असल्याचे सांगितले आहे.

मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र. आपल्या गल्लीतील गटारात टाकलेली पिशवी नाल्यातून खाडीत आणि ओहोटीबरोबर समुद्रात जाते. ईदुल अज्हाला नाल्यात टाकलेले अवशेष कुजताना पाण्यातील प्राणवायू घटवतात व मासे गुदमरतात. कुरबानीसारख्या इबादतीचा शेवट असा व्हावा काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साचलेल्या पाण्यात लघवी करण्यासही मनाई केली, आणि वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची शाखा ठरवली.

म्हणून कुरबानीचे अवशेष महापालिकेच्या व्यवस्थेतच द्यावेत. प्लास्टिक, उरलेले तेल व रंग गटारात टाकू नयेत. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन वर येऊन श्वास घेऊ शकत नाही व बुडून मरतो. आपल्या मच्छीमार बांधवांनी जाळे कापून त्याला सोडावे. त्याच्या भरपाईसाठी २०१८ पासून राज्य शासनाची योजना आहे.

समुद्र ही अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब द्यावाच लागतो. अल्लाह आपणा सर्वांना ती सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.