समाजकार्याची परीक्षा आणि कुंभकोणमचा धडा

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत समाजकार्याचा परवाना मिळवण्यासाठी साधारणपणे परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. भारतात सर्व समाजकार्यकर्त्यांसाठी अशी एकच परीक्षा नाही. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था सुरू झाली, तरीही ही उणीव राहिली. अपवाद मनोविकार क्षेत्राचा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मनोसामाजिक कार्यकर्त्यास विहित शैक्षणिक अर्हता आवश्यक आहे. अध्यापनासाठी मात्र ‘नेट’ परीक्षा असून तीत समाजकार्य हा स्वतंत्र विषय आहे. दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न व ३०० गुण असतात.

या परीक्षेत व्याख्या पाठ असणाऱ्या उमेदवाराची गफलत होते ती प्रसंगावर आधारित प्रश्नांत. त्यासाठी एक घटना मुळापासून अभ्यासणे उपयुक्त ठरते.

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात कुंभकोणम हे मंदिरांचे शहर आहे. तेथील एका खाजगी अनुदानित शाळेत १६ जुलै २००४ रोजी मध्यान्ह भोजन शिजत असताना आग लागली. झावळ्यांनी शाकारलेल्या छपराने पेट घेतला आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली.

अशा प्रसंगी एखादी माता म्हणते, “त्या दिवशी तो नको म्हणत होता, मीच त्याला शाळेत धाडले.” कार्यकर्त्याने प्रथम काय करावे? ‘तुमचा दोष नाही’ असे सांगून तिची समजूत घालणे, नुकसानभरपाईचा अर्ज भरून घेणे, की तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणे? पहिले दोन पर्याय चुकीचे नाहीत. परंतु प्रश्न ‘प्रथम’ या शब्दाभोवती फिरतो. व्यक्तिसहाय्य कार्यात स्वीकार आणि भावनांच्या अभिव्यक्तीस वाव ही तत्त्वे आधी येतात. घाईने दिलेला दिलासा तिचे बोलणेच थांबवतो. वाचलेल्या मुलांसाठी, विशेषतः भावंड गमावलेल्यांसाठी, गटकार्य अधिक परिणामकारक ठरू शकते. भरपाई व पुनर्वसन हा समाजकल्याण प्रशासनाचा भाग होय.

सामाजिक कृती आणि प्रशासन यांची गल्लत विद्यार्थी नेहमी करतात. मंजूर तरतूद लाभार्थीपर्यंत पोहोचविणे हे प्रशासन. तरतूदच अपुरी असेल तर ती बदलण्यासाठी झटणे ही सामाजिक कृती. कुंभकोणमनंतर अविनाश मेहरोत्रा यांनी जनहित याचिका दाखल केली. १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर निर्णय देताना सुरक्षित शाळेत शिकणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ व २१-अ खालील शिक्षणाच्या अधिकाराचाच भाग मानला. शालेय इमारतींनी राष्ट्रीय इमारत संहितेतील सुरक्षा मानके पाळावीत, आग विझविण्याची साधने ठेवावीत आणि शिक्षकांना ती वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे निर्देश निघाले. फौजदारी खटल्याचा निकाल मात्र ३० जुलै २०१४ रोजी, घटनेनंतर १० वर्षांनी लागला. तोवर त्या शाळेतून वाचलेली मुले मोठी झाली होती.