एकेश्वरवादाची दोन रूपे

प्रश्न : ख्रिस्ती आणि मुस्लीम दोघेही एकच ईश्वर मानतात, तर मतभेद कशात आहे?

उत्तर : मतभेद ईश्वर किती यात नसून त्याच्या एकत्वाच्या स्वरूपात आहे. इ. स. ३२५ च्या निकिया परिषदेने पुत्र, म्हणजे येशू, व पिता एकतत्त्व असल्याचे ठरवले आणि ३८१ च्या परिषदेनंतर त्रैक्य, म्हणजे एकाच ईश्वरातील तीन व्यक्ती, हा सिद्धान्त स्थिरावला. इस्लामचा तौहीद, म्हणजे निखळ एकत्व, मात्र ईश्वराला अपत्य किंवा भागीदार असण्याची कल्पनाच नाकारतो. जेरुसलेममधील घुमटाच्या वास्तूतील हिजरी ७२ चा लेख ईसाला, म्हणजे येशूला, प्रेषित म्हणून गौरवतो आणि त्याच ओघात ग्रंथधारकांना, म्हणजे इथे ख्रिस्ती लोकांना, ‘तीन’ म्हणणे सोडण्यास सांगतो. तरीही त्रैक्याला तीन देवांची पूजा म्हणणे अन्यायाचे आहे, कारण ख्रिस्ती धर्मशास्त्रही तसे मानणे पाखंडच ठरवते.