औषध निकामी का होते? मातीपासून फुप्फुसापर्यंत एक अभ्यास



घरातील एखाद्याला फुप्फुसाचा कर्करोग होतो, गोळ्यांनी उतार पडतो, माणूस हिंडू-फिरू लागतो आणि वर्षभराने आजार पुन्हा उलटतो. अशा वेळी आपल्याकडे दोनच उद्गार निघतात. एक, 'औषध खोटे निघाले', आणि दुसरा, 'नशिबातच नव्हते'. हे दोन्ही उद्गार चुकीचे आहेत. आजार उलटण्यामागे जो नियम आहे तो जीवसृष्टीइतकाच जुना आहे. म्हणून सुरुवात मातीपासून करू.

१. माती

आपल्याकडील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. याचे कारण तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज होय. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या थप्प्या असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी व इतर रेणू शिरून राहतात. अशा मातीवर जीवनाचे पहिले रेणू एकत्र आले असावेत, ही कल्पना लंडनमधील शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी १९४७ साली मांडली. १९९६ साली अमेरिकेत जेम्स फेरिस, लेस्ली ऑर्गेल व सहकाऱ्यांनी दहा दुव्यांची एक साखळी या मातीवर ठेवली व तिला रोज नवे क्रियाशील दुवे पुरवले. साखळी वाढत पन्नासहून अधिक दुव्यांची झाली. पृथ्वीवर असेच घडले हे यावरून सिद्ध होत नाही. मात्र जिवंत पेशीच्या मदतीवाचून लांब साखळी तयार होऊ शकते, हे सिद्ध होते.

२. नक्कल

आर.एन.ए. जातीच्या अशा साखळीचा विशेष हा की तिची नक्कल होऊ शकते. रोजकीर्दीवरून खतावणीत हजारो आकडे उतरवताना एखादा आकडा इकडचा तिकडे होतो, तसेच नकलेतही एखादा दुवा बदलतो. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक बदल निरुपयोगी असतात. क्वचित एखादा कामी येतो.

याच लेस्ली ऑर्गेल यांनी सोल स्पिगेलमन व सहकाऱ्यांसह १९७० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. परीक्षानळीत एका विषाणूचे आर.एन.ए., नक्कल करणारे विकर व कच्चा माल घेतला आणि नकलेत अडथळा आणणारे एथिडियम ब्रोमाइड हे रसायन त्यात मिसळले. एका नळीतील थेंब दुसरीत, दुसरीतील तिसरीत, असे करत गेल्यावर शेवटी त्या रसायनाला न जुमानणारे आर.एन.ए. शिल्लक राहिले. नळीत पेशी नव्हती, मेंदू नव्हता, हेतू नव्हता. नक्कल, नकलेतील चूक आणि निवड, एवढ्या तीन गोष्टींवर प्रतिकारशक्ती उभी राहिली.

३. फुप्फुस

आता मूळ विषयाकडे वळू. पेशीच्या पृष्ठभागावर ई.जी.एफ.आर. नावाचे प्रथिन असते. वाढीचा निरोप आत पोचवणे हे त्याचे काम. त्याच्या जनुकात ठरावीक बदल झाला की निरोप अखंड चालू राहतो व कर्करोग बळावतो. अशा रुग्णांना गेफिटिनिबसारख्या गोळ्या लागू पडतात, हे २००४ साली उघड झाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या सुमारे २३ टक्के रुग्णांत हे बदल आढळले. विडी-सिगारेट कधीही न ओढणाऱ्यांतही ते आढळतात.

२००५ साली पुढचा उलगडा झाला. प्रथिनाच्या ७९० व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन आले की गोळीचा प्रभाव उरत नाही. हा बदल टी-७९०-एम या नावाने ओळखला जातो. त्यासाठी जनुकातील एकच अक्षर बदलावे लागते. गेफिटिनिबसारख्या गोळ्यांनंतर उलटलेल्या आजारात सुमारे निम्म्या रुग्णांत तो सापडतो. कधी अशा मोजक्या पेशी आधीपासूनच असतात, कधी औषधातून कशाबशा तगलेल्या पेशींत तो नंतर घडतो. औषध बाकीच्या पेशी मारते, या उरतात व वाढतात. परीक्षानळीतला नियमच येथे पुन्हा दिसतो.

४. मग करायचे काय?

नियम कळल्यामुळेच उपाय सापडला. टी-७९०-एम असतानाही काम करणारे ओसिमर्टिनिब हे औषध अमेरिकेत २०१५ साली मंजूर झाले व आता ते अनेकदा सुरुवातीलाच दिले जाते. हे औषध ७९७ व्या जागेला चिकटते. तीच जागा बदलून सुटणाऱ्या पेशीही त्याच वर्षी नोंदल्या गेल्या. म्हणजे झुंज संपलेली नाही. शिवाय प्रत्येक रुग्णात कारण एकच नसते. कधी दुसरेच जनुक जोर धरते, कधी कर्करोगाचा प्रकारच बदलतो.

म्हणून आजार उलटला तर गोळ्या मनाने बंद करू नका आणि अंगारे-धुपाऱ्यांकडे वळू नका. 'पुन्हा तपासणी करायची का?' असे डॉक्टरांना विचारा. गाठीचा नवा तुकडा किंवा काही वेळा नुसते रक्त तपासूनही बदल कळतो, आणि पुढचे औषध त्यावर ठरते.

रुग्णाला दोष देऊ नका. त्याचे पाप नडलेले नसते, सेवेत कसूर झालेली नसते. एक अक्षर बदललेले असते. ते कोणते, हे शोधून काढणारी माणसे आपल्यातूनही निघावीत, एवढीच विद्यार्थी मित्रांकडून अपेक्षा.