बी.कॉम.वालीने मोडी का शिकू नये?

परवा फोनवर म्हणालीस, "ताई, ओपन इलेक्टिव्हला सगळ्याजणी सोपा पेपर बघून नाव देतायत, मीही तेच करते." तसं करू नकोस गं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे शाखेबाहेरचा विषय घ्यायची सोय झालीय. आमच्या वेळी कॉमर्सला गेलं की इतिहासाशी संबंध संपायचा. ही संधी नुसत्या मार्कांपायी घालवायची?

विषय निवडताना एवढंच बघ, की परीक्षा नसती तरी तू काय वाचलं असतंस? तुझं उत्तर मला ठाऊक आहे. आजोबांच्या ट्रंकेतली मोडीतली चोपडी तू कितीदा चाळत बसायचीस! मग शिक ना मोडी. पुण्यातच आहेस. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून तिथे आहे. वर्ग कधी असतात ते विचारून ये. मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली होता होईतो हात न उचलता अक्षरं काढत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळे सुरुवातीला एकेका ओळीशी झटावं लागतं. पण पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालात बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे आहेत आणि त्यांत हिशेबाचे कागद भरपूर. जमा, खर्च, बाकी यांचा मेळ घालायला तुझ्यासारखी अकाउंट्स शिकलेली मुलगीच हवी. शाखेबाहेर गेलीस म्हणून शाखेत शिकलेलं वाया जात नाही, ते असं कामी येतं.

क्रेडिटची घाई नको. आधी इतिहासाच्या सरांना नीट विचार, "सर, तासाला मागे बसू का?" नाही म्हणणारे शिक्षक मी फार थोडे पाहिलेत. महिनाभर बसलीस की गोडी लागतेय का, ते तुझं तुलाच कळेल. मोडीऐवजी एखादी परदेशी भाषा शिकावीशी वाटली तर रानडे इन्स्टिट्यूट आहेच.

घरबसल्या शिकायचं तर 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर बघ. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएलचे कोर्सही तिथे मिळतात. शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम'मधून घेता येतात. पण तुझं कॉलेज नेमका तोच कोर्स धरतं का, हे नाव नोंदवायच्या आधी विचार आणि होकार लेखी घे. नंतर गुणपत्रिका अडकली की खेटे तुलाच घालावे लागतील.

आणि एका सत्रात एकच गोष्ट, हं. सीएचा अभ्यास चालू असताना तीन-तीन कोर्स अंगावर घेतलेस तर एकही धड होणार नाही. आई म्हणेल, "हे आता कशाला?" तिच्याशी मी बोलते. तू उद्या मंडळात जाऊन ये.