पशुसंवर्धनातील संशोधन आणि वैद्यवर्ग : कासदाहाच्या निमित्ताने

धसई परिसरात पावसाळ्यात गोठे ओले राहतात आणि ओलसर, अस्वच्छ जागेत दुभत्या जनावरांना कासदाह, म्हणजेच ‘दगडी’, होण्याचा धोका वाढतो. त्यावर वापरलेल्या प्रतिजैविकाचा अंश काही दिवस दुधात उतरतो. तेच दूध आपल्या रुग्णाच्या पथ्यात व औषधनिर्मितीत येते. म्हणून हा विषय आपलाही आहे.

शास्त्राधार
चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायात हत्ती, उंट, गाय, घोडा, शेळी-मेंढी यांच्यासाठी बस्तियोग सांगितले आहेत. प्राण्यानुसार द्रव्य व मात्रा बदलते, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते. मानवी मात्रा केवळ वजनाच्या हिशेबाने वाढवून जनावरास देणे शास्त्रसंमत नव्हे.

संशोधनाची दिशा
प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असल्याने भारत सरकारने २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरास बंदी घातली. पर्यायांचा शोध आता अटळ आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेला कासदाहावरील लेप या दृष्टीने अभ्यसनीय आहे : कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. हे एकत्र वाटून, कास धुऊन व पूर्ण पिळून, पाण्यात पातळ केलेला लेप दिवसातून सुमारे दहा वेळा, पाच दिवस लावावयाचा असतो.

कसोटी
सौम्य कासदाह काही वेळा आपोआपही शमतो. त्यामुळे ‘गाय बरी झाली’ एवढ्यावरून लेपाचा गुण सिद्ध होत नाही. तुलनेसाठी दुसरा गट, दुधातील पेशींची गणना, जंतुपरीक्षा, दुधाचे प्रमाण आणि पुनरुद्भव यांची नोंद आवश्यक आहे. सुप्त कासदाह डोळ्यांना दिसत नाही, परीक्षणानेच कळतो. हळद व कोरफड यांची प्रत ठिकाणानुसार बदलते. म्हणून द्रव्यांचे प्रमाणीकरण आधी व्हावे.

आपले कर्तव्य
औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत प्राण्यांसाठीची औषधेही येतात. त्यामुळे फार्मसीधारकांना हे क्षेत्र खुले आहे. मात्र पशुचिकित्सेचा अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. ताप, गाठ वा रक्तमिश्रित दूध दिसल्यास गाय त्वरित त्यांच्याकडे सोपवावी.

वैद्यांनी द्रव्यपरीक्षा व योगरचना, फार्मसीधारकांनी एकसमान निर्मिती, पशुवैद्यकांनी निदान व नोंदी सांभाळाव्यात. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेच्या मार्गदर्शनाने तालुक्यातील थोड्या गोठ्यांपासून आरंभ करता येईल. परंपरेचा अभिमान नोंदवहीत उतरला, तरच तो पशुपालकाच्या उपयोगी पडेल.